आईच्या तोंडचं उत्तर

लताबाई पगारे एखाद्या गोष्टीच्या मागे लागल्या की समोरच्याने पहिल्याच दिवशी हो म्हणून टाकावं, त्यात त्याचंच भलं असतं. पंचवटीतली त्यांची बालवाडी चालवणाऱ्या ट्रस्टच्या मंडळींना हे अनुभवाने कळलं होतं. बालवाडीत नळ नव्हता तेव्हा लताबाई रोज वर्ग सुटला की अध्यक्षांच्या घरी जाऊन ओट्यावर बसायच्या. चहा विचारला की म्हणायच्या, "चहा नको, पाणी द्या. आमच्या पोरांना ते मिळत नाही." भांडण नाही, आवाज चढवणं नाही, नुसतं बसणं. महिन्याच्या आत नळ आला. अध्यक्षांच्या घरच्यांनी त्या आनंदात पेढे वाटले, असं लताबाईंचे मिस्टर जयराम अजून सांगतात. त्यातलं पेढ्यांचं खरं मानू नये.

बाई मूळच्या नाशिकरोडकडच्या एका बौद्ध वसाहतीतल्या. वडील रेल्वेत गँगमन. घरात वर्तमानपत्र यायचं, बाबासाहेबांचा फोटो होता, आणि नवस, उतारे, अंगारे यांना उंबऱ्याच्या आत जागा नव्हती. लग्न झालं, दोन मुलं झाली, आणि मग एक दिवस त्यांनी जाहीर केलं की मी बालवाडीचा कोर्स करणार. तेव्हा सासरच्यांनी जे जे सांगून पाहिलं ते सगळं इथे लिहीत बसत नाही. कोर्स झाला. जयराम तेव्हा प्रेसमध्ये नोकरीला होते, रात्रपाळी करून आले की दिवसा मुलं तेच बघायचे आणि उभ्याउभ्या झोपायचे.

बालवाडीत पहिल्याच वर्षी कुणीतरी वर्गाच्या दारावर लिंबू-मिरची टांगली. लताबाईंनी ती काढली, मिरची पोह्यांत घातली आणि लिंबू मुलांच्या सरबतात पिळलं. त्यानंतर त्या दारावर कुणी काही टांगलं नाही.

अशा या बाईंच्या हातात यंदा जानेवारीत एक प्रश्नावली आली.

ट्रस्टने ती एका संस्थेकडून आणली होती. संस्थेची अपूर्वा नावाची मुलगी समजवायला आली. मानसशास्त्र शिकलेली, बोलायला गोड, आणि महत्त्वाचं म्हणजे मुलांशी बोलताना खाली बसणारी. लताबाईंना ती तेवढ्यावरूनच आवडली. प्रश्नावलीचा हेतू चांगला होता. कुठल्या मुलाला जास्त लक्षाची गरज आहे हे आधीच कळावं, म्हणजे ते पुढे शाळेत मागे पडणार नाही. मूल हट्ट करतं का, मारतं का, चावतं का, सांगितलेलं ऐकतं का, दुसऱ्याला मदत करतं का, असे प्रश्न. उत्तरं तीनच: कधीच नाही, कधीकधी, नेहमी. एक भाग बाईंनी भरायचा, एक आईने सांगायचा. दोन्हींत जो निकाल वाईट येईल तो धरायचा, कारण एकही मूल नजरेतून सुटायला नको. ज्याचे गुण फार खाली ते मूल 'लक्ष गटात'. लक्ष गट मागच्या खोलीत बसणार, आणि जूनमध्ये पहिलीला न जाता आणखी एक वर्ष बालवाडीतच राहणार.

लताबाईंनी मोठ्या गटाच्या आयांना वर्ग सुटायच्या वेळी फाटकातच गाठलं. दुसरी वेळ कुठली मिळणार? एकीला विचारायच्या तेव्हा बाकीच्या पाठीमागे उभ्या असायच्या, पोरांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत, कान इकडे.

पहिली आली मालिनी. तिचे मिस्टर पूजा सांगतात, ती स्वतः विम्याच्या ऑफिसात. तिने कागद आधी हातात घेऊन दोनदा वाचला आणि मग एकेक उत्तर तोलून दिलं.

"इतर मुलांना चावतो का?"

"छे हो! कधीच नाही."

तिच्या मागे तिचा आल्हाद बाटलीचा पट्टा चावत उभा होता. आदल्याच दिवशी तो मनाली नावाच्या मुलीच्या मनगटाला असा चावला होता की दातांची ओळच्या ओळ उठली होती. पण मालिनी खोटं बोलत होती असं म्हणणं अन्यायाचं होईल. छापील कागद समोर आला की त्यावर आपल्याविरुद्ध काही जाऊ द्यायचं नाही, हे नोकरी करणाऱ्या माणसाच्या हाडात असतं.

मग सहादू आला. सुरगाण्याकडचा, इथे बांधकामावर. बायको कामावर गेलेली म्हणून मुलाला न्यायला तो आला होता. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली आणि प्रत्येक प्रश्नाला "हां बाई" म्हटलं. मुलगा मारतो का, हां बाई. मारत नाही ना, हां बाई. एवढी शिकलेली बाई आपल्याला विचारतेय, तिला नाही कसं म्हणायचं, असा त्याच्या चेहऱ्यावर सरळ भाव होता.

आणि मग मनालीची आई, राखी. बाजाराच्या कडेला सासूबरोबर पालेभाजी विकणारी. तिने तर प्रश्न पुरा होऊ दिला नाही.

"हट्ट करते का?"

"लय."

"मारते का कुणाला?"

"मारती ना. पक्की द्वाड हाय."

"ऐकते का सांगितलेलं?"

"कशाची ऐकती, बाई! दगड हाय नुसता."

लताबाई खुणा करत गेल्या. मागे ताटकळलेल्या बायका होत्या, ऊन चढत होतं, आणि त्यांच्या डोक्यात घरी जायची बस होती. हात चालत राहिला.

आठवड्याने निकाल आला. आयांच्या उत्तरांनुसार सगळ्या मोठ्या गटात आल्हादचं वागणं उत्तम ठरलं होतं. आणि लक्ष गटाच्या यादीत पहिलं नाव मनालीचं.

लताबाई आधी हसल्या. मग त्यांनी बेरीज स्वतः करून पाहिली. बेरीज बरोबर होती. तेव्हा मात्र त्यांचं हसू गेलं.

कारण ही मनाली म्हणजे वर्गाची अर्धी बाई होती. दाराबाहेर चपलांचा ढीग पडला की ही बसून त्यांच्या जोड्या लावणार, जशा आई भाजीच्या जुड्या लावते तशा. कुणी रडायला लागलं की शेजारी जाऊन बसणार आणि काही न बोलता त्याचा हात धरणार. आल्हाद चावला तेव्हा हिने रडून घेतलं, नाक पुसलं, आणि त्याला समजावलं, "या हाताला चावलास ते चावलास. त्या हाताला चावू नको, त्याने मी जेवते." बाईंनी भरलेल्या भागात तिला पैकीच्या पैकी गुण होते. पण निकाल आईच्या उत्तरांवर लागला होता.

असं कसं झालं, हे त्याच संध्याकाळी त्यांना बाजारात कळलं. बसला जायच्या आधी मेथी घ्यायला त्या राखीच्या गोणपाटाशी थांबल्या होत्या. सासू विठाबाई कोथिंबिरीवर पाणी मारत होती, मनाली जुड्या रचत होती. एक गिऱ्हाईक बाई कौतुकाने म्हणाली, "किती गुणाची पोरगी! एवढीशी आहे आणि कामाला लागली."

राखीच्या चेहऱ्याचा रंगच उतरला. "कसली गुणाची! अवदसा हाय मेली," ती घाईघाईने म्हणाली, आणि मुलीला मागे ओढून तिच्या कानामागचा काजळाचा ठिपका जागेवर आहे का ते बोटाने चाचपलं. गिऱ्हाईक गेलं. मनाली पुन्हा जुड्या रचायला लागली.

लताबाई मेथी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. आपण काय करून बसलो ते त्यांना त्या क्षणी लख्ख दिसलं. भर फाटकात, दहा बायकांच्या समोर, आपण या आईला विचारलं होतं की तुझं लेकरू चांगलं आहे का. आणि दृष्टीला भिणारी आई जे उत्तर देते ते तिने दिलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. ती मुलीवर पांघरूण घालत होती.

दुसऱ्या दिवशी त्या अध्यक्षांच्या ओट्यावर हजर.

अध्यक्ष शामसुंदर हे बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर. माणूस सरळ, नियमाचा. लताबाईंना ओट्यावर पाहून त्यांना तो नळ आठवला असणार, पण त्यांनी ऐकून घेतलं.

"लताबाई, सगळ्यांना एकच प्रश्न, एकच कागद. ब्राह्मण असो, मजूर असो, कुणाला वेगळं विचारलं नाही. याहून सरळ काय असतं?"

"प्रश्न एकच होता, सर. पण तो मी फाटकात विचारला. तुमच्या बँकेत तुम्ही कुणाला चार लोकांत ओरडून विचारलं असतं का, खात्यात किती आहेत? एक बढाई मारेल, दुसरा लपवेल. मग म्हणायचं, प्रश्न एकच होता."

शामसुंदर हसले. पण नियमाचा माणूस हसला म्हणून विरघळत नाही. त्यांनी तिथूनच अपूर्वाला फोन लावला. अपूर्वा म्हणाली, आईचं उत्तर मी बदलू शकत नाही, बाईंनीही बदलायचं नाही. पण आईने येऊन माझ्यासमोर पुन्हा सांगितलं तर नवा कागद भरू. तिचंही चुकत नव्हतं.

"शनिवारी अपूर्वाताई येणार आहेत," शामसुंदर म्हणाले. "घेऊन या त्या आईला. तिने स्वतःच्या तोंडाने वेगळं सांगितलं तर बाकीच्यांनाही एकेकट्याला बसवून पुन्हा विचारू. नाहीतर सोमवारी याद्या लागतील. कबूल?"

"कबूल," लताबाई म्हणाल्या आणि थेट राखीच्या घरी गेल्या.

घर म्हणजे गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, अलीकडच्या एका बोळातली खोली. दुपारची वेळ, बाजार मंद, राखी भाकरी खाऊन पडली होती. लताबाईंनी सगळं सांगितलं. यादी, मागची खोली, वाया जाणारं वर्ष. आणि मग, स्वभावाप्रमाणे, भाषणही दिलं. दृष्टबिष्ट काही नसतं, तोंडातून निघालेल्या शब्दाने कुणाचं वाईट होत नाही, पोरगी हुशार आहे तर हुशार म्हण, कोण काय करतंय!

विठाबाई कोपऱ्यातून म्हणाली, "नाय गेली साळंत तर नाय गेली. जुड्या बांधील. आमी काय मेलो का साळंबिगर?"

राखी उठून बसली. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"बाई, मनीच्या आधी एक व्हती मला," ती म्हणाली. "दोन वर्साची. लय शानी. बाजारात पोत्यावर निजायची, उठली तरी रडायची नाय. शेजारीण म्हनली, राखे, तुझी पोर रडत कशी नाय गं? मी म्हनलं, माझी लेक गुनाची हाय, तिला रडनं ठावंच नाय." राखी थांबली. "त्याच रातीला ताप भरला. चौथ्या दिशी गेली."

तिने पदराचं टोक सोडलं.

"तुमी म्हनता दृष्ट नसती. नसंल. पन मी बोलले आन ती गेली, एवढं मला ठावं. आता मनी साळंत नाय गेली तर नाय गेली. जिती तर राहील."

तापाचं कारण डास असेल, पाणी असेल, उशिरा मिळालेला डॉक्टर असेल. ते लताबाईंना माहीत होतं, आणि ते सांगून या बाईच्या छातीवरचा दगड हलणार नाही हेही त्यांना माहीत होतं. आपण भाषण दिलं याची त्यांना लाज वाटली. त्या पाणी प्यायल्या आणि निघाल्या.

घरी त्यांनी जयरामना सांगितलं. एरवी त्यांची टर उडवायची एकही संधी न सोडणारे जयराम आज समोर येऊन बसले. मग म्हणाले, "तुझ्या आईने तरी तुला कधी चांगलं म्हटलं? तिला तर दृष्टीचं भ्यावही नव्हतं."

खरं होतं. लता सातवीत वर्गात पहिली आली तेव्हा आई म्हणाली होती, "बरं झालं, आता भाकरी शीक." पोरगी हवेत जाईल, सासरी जड जाईल, म्हणून चांगला शब्द द्यायचा नाही, अशी त्या पिढीची रीत. आईने आयुष्यभर पोटाला चिमटा घेऊन शिकवलं, पण तो एक शब्द दिला नाही. लताबाई पन्नाशी ओलांडून गेल्या, आई जाऊनही वर्षं झाली, तरी त्या शब्दाची भूक काही गेली नव्हती. त्या संध्याकाळी भांडी घासताना त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं.

पण रडून झालं म्हणून लताबाईंनी हातातलं सोडलं असं कधी झालेलं नाही.

शुक्रवारी वर्गात मनालीने सगळ्यांच्या वाट्या गोळा करून नळाखाली विसळल्या. तेही कुणी न सांगता. लताबाई म्हणाल्या, "अगं, कोण आहेस कोण तू? एवढी कामाची!"

मनालीने ओल्या हातांनी वर पाहिलं आणि आपलं नाव सांगावं इतक्या सहज सांगितलं, "मी अवदसा."

आल्हाद खो खो हसला. मनालीही हसली. लताबाईंना मात्र कुणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं.

वर्ग सुटल्यावर त्या तिचा हात धरून बाजारात गेल्या. राखी मेथीची जुडी बांधत होती.

"राखी, पोरीला विचारलं तू कोण. म्हणाली, मी अवदसा."

सुतळी बांधणारे राखीचे हात थांबले.

"तू तिला झाकतेस हे मला कळतं," लताबाई म्हणाल्या. "देवापासून झाक, लोकांपासून झाक. पण ती सगळं ऐकते गं. तिला वाटतं ती तशीच आहे."

राखीने मुलीकडे पाहिलं. मनाली सांडलेली कोथिंबीर वेचून टोपलीत टाकत होती. राखीचे डोळे भरून आले.

"उद्या ये," लताबाई म्हणाल्या. "कौतुक नको करूस. नुसती तक्रार कर. पोरीचा काय काय त्रास होतो ते सांग. तेवढंच."

"तेवढंच?"

"तेवढंच."

लताबाईंनी हे मनापासून सांगितलं होतं. त्यांचा हिशेब असा की तक्रार ऐकली तरी अपूर्वाला कळेल. माणूस शहाणं असलं की कळतं.

शनिवारी राखी आली. डोक्यावरून पदर, पायात बाजाराच्या चपला, त्याही तिने दाराबाहेर काढल्या. बालवाडीच्या छोट्या ऑफिसात शामसुंदर, अपूर्वा आणि लताबाई. अपूर्वाने खुर्ची सोडली आणि राखीजवळ सतरंजीवर बसली. म्हणाली, "ताई, मनालीचा तुम्हाला काय त्रास होतो?"

राखीने लताबाईंकडे पाहिलं आणि सुरुवात केली. आधी अडखळत, मग सुसाट.

"लय डोकं खाती. उठल्यापासून इचारनं. हे का, ते का. जुडीत दोन काड्या कमी असल्या की गिऱ्हाइकासमोर वरडती, आई, ही बारीक हाय, दुसरी दे. धंदा बुडवायची एक दिस. आजी निजली की तिचे पाय चेपत बसती, म्हातारीला झोपू देत नाय. खाऊ दिला तर अर्धा बोळातल्या कुत्रीला. त्या भटजींच्या पोरानं चावलं तर मी म्हनलं, तूबी चाव. तर म्हनती, त्याला दुखंल. सांगा आता, अशा पोरीचं करायचं काय?"

शामसुंदर आधी गालातल्या गालात हसत होते, मग त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. अपूर्वा हसली आणि तिने राखीच्या हातावर हात ठेवला.

"कळलं मला, ताई. खरंच कळलं."

लताबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण अपूर्वाने पेन उचललं नव्हतं.

"लताताई, मला कळून भागत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "तक्रारीवरून मी अंदाजाने खुणा केल्या, तर उद्या दुसऱ्या कुणाच्या बाबतीत माझा अंदाज उलटा जाईल. तेव्हा कुणी तुमच्यासारखं भांडायला नसेल. आईचं उत्तर आईनेच द्यायला हवं. एकेका प्रश्नाला."

लताबाईंना राग आला. तो राग अपूर्वावर काढता येईना, कारण ती बरोबर बोलत होती. हेच तर त्या आठवडाभर सांगत होत्या, की आईच्या उत्तराचा आपल्या सोयीने अर्थ लावू नका.

"दुसऱ्याला मदत करते का?" अपूर्वाने विचारलं. "कधीच नाही, कधीकधी, का नेहमी?"

राखीने मान खाली घातली. आपण हिला तेवढंच म्हणून आणलं, आणि आता हिला विहिरीच्या काठावर उभं केलं, असं लताबाईंना वाटलं.

त्या राखीजवळ जाऊन बसल्या.

"राखी, ऐक. तू बोल, आणि ते माझ्या नावावर बोल. मी बोलायला लावलं म्हणून बोललीस. काही लागायचं असलं तर ते मला लागू दे. मनालीला नाही, तुला नाही. मला. मी भीत नाही."

बोलताना त्यांना हे फार सोपं वाटलं. ज्या गोष्टीवर आपला विश्वासच नाही ती अंगावर घ्यायला काय जातं?

राखीने त्यांच्याकडे पाहिलं. लताबाईंचे अर्धे पांढरे केस, बस पकडायच्या धावपळीत सुजलेले पाय, कपाळावरचा घाम. ती बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांत जे आलं ते बघून लताबाईंना आपण काय बोलून गेलो ते कळलं. आपल्याला फुकटची वाटणारी गोष्ट तिला फुकटची नव्हती. तिच्या लेखी एका बाईने आपला जीव पुढे केला होता.

"नको, बाई," राखी म्हणाली. "तुमच्यावर कशापायी? तुमालाबी पोरंबाळं हायेत. माझी लेक हाय. मीच बोलंन."

तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला. डोळे मिटले. बाहेर पटांगणात मोठा गट घसरगुंडीवर ओरडत होता आणि त्या गलक्यात मनालीचाही आवाज होता. राखीने तो कान देऊन ऐकला.

"करती," ती म्हणाली. "नेहमी करती. माझी लेक गुनाची हाय."

डोळे उघडून तिने आधी खिडकीतून बाहेर पाहिलं. मनाली घसरगुंडीच्या शिडीवर होती, मागच्या पोराला हात देत होती. ती धडधाकट वर चढली, घसरली आणि पुन्हा शिडीकडे पळाली. राखी तिच्यावरची नजर हलवीना.

अपूर्वाने खूण केली. लताबाईंनी राखीचा हात हातात घेतला. तो बर्फासारखा गार पडला होता.

"अजून हायेत का असे?" राखीने खिडकीकडेच पाहत विचारलं.

अपूर्वाने कागद उलटून पाहिला. तिलाच सांगायला जड जात होतं.

"पानभर आहेत, ताई. हवं तर आज राहू दे. बाकीचे सोमवारी विचारू, यादी तोवर थांबवू."

शामसुंदरांनीही मान डोलावली.

राखीने लताबाईंच्या हातातून हात सोडवून घेतला, डोळे कोरडे केले आणि खिडकीकडे पाठ करून ताठ बसली.

"इचारा," ती म्हणाली.